कुंकवाखालचा बाण

मी एक जुनी चक्री करवत आहे. मित्रांनो, सावरून बसा आणि मी बोलते तोवर मध्ये कुणी बोलू नका. जुन्या वस्तूंनी हळव्या आवाजात गोड आठवणी सांगाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. गोड आठवणी माझ्याकडेही आहेत, पण त्या शेवटी येतील. आधी माझी तक्रार आहे. ज्यांनी ती ऐकायला हवी होती, त्यांनी मला फुले वाहिली, माझ्यापुढे नारळ फोडला आणि मग मला शिव्या दिल्या. माझ्याकडे नीट पाहिले मात्र कुणीच नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे जड मेज, मेजाच्या मधोमध एक चीर, त्या चिरेतून अर्धे वर डोकावणारे दातेरी गोल पाते आणि खाली पाते फिरवणारी विजेची मोटार, असे माझे रूप. माझ्या समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पात्याचे दाते वरून खाली यावेत आणि फळी मेजावर दाबून धरून कापावी, हा माझा धर्म. मला उलटे फिरवले, तर तेच दाते फळी खालून वर उचलतात आणि पाते धरून ठेवणारी चाकी हळूहळू सैल होऊ लागते. हे जोखमीचे असते, म्हणून कारखान्यातल्या एका वृद्ध कारागिराने माझ्या दर्शनी पितळी पट्टीवर तांबड्या रंगाने एक बाण काढला. मोटार कोणत्या अंगाला फिरली पाहिजे, हे सांगणारा बाण. तो काढताना त्या म्हाताऱ्याने श्वास रोखून धरला होता. माझ्या सबंध अंगावर एवढी एकच गोष्ट वाचण्यासारखी होती. तीच पुढे झाकली गेली.

मी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याला, चंद्रभान सुताराच्या घरी आले. चारठाणा हे जुन्या देवळांचे गाव. तिथल्या दगडी खांबांवर शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली वेलबुट्टी अजून बोटाला लागते. असल्या गावात कामाची पारख असेल, असे मी समजले होते.

चंद्रभानची पारख खोटी नव्हती. तिफण असो, बैलगाडीचे चाक असो की दाराची चौकट असो, त्याच्या हातचे काम जिंतूरपर्यंत नावाजलेले होते. पण ओंडके फाडायला त्याच्याकडे दोघांनी ओढायची लांब करवत होती. एका टोकाला थोरला भाऊ लिंबाजी आणि दुसऱ्या टोकाला चंद्रभान. लिंबाजी काविळीने गेला आणि करवतीचे एक टोक रिकामे झाले. चंद्रभान एकटाच दोघांचे काम ओढू लागला, तेव्हा त्याचा उजवा खांदा निकामी होत चालला. सुतारकी सोडून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचे, एवढाच मार्ग त्याला दिसत होता.

त्या घरात शब्द चाले तो लिंबाजीच्या विधवेचा, नर्मदाबाईंचा. कमरेला किल्ल्या, कोरे कपाळ आणि आवाज असा की अंगणातली कोंबडीसुद्धा वाट बदलून जाई. धाकट्या दिराला त्यांनी लेकरासारखे वाढवले होते. त्यांनीच एके दिवशी निकाल दिला.

"करवतीचं दुसरं टोक आता कुनी धरायचं? म्या धरू? मशीन आन, चंदर. तुझा खांदा गेल्यावर मंग आनून काय तिची आरास मांडायचीय?"

अशी मी आले. मी नुसते यंत्र म्हणून आले नव्हते. लिंबाजीची रिकामी जागा भरायला आले होते. हे मला ठाऊक होते आणि मला त्याचा अभिमान होता.

आल्या दिवशी माझी पूजा झाली. चंद्रभानची बायको कडूबाई सवाष्ण, म्हणून ताट तिच्या हाती. नर्मदाबाई मात्र दाराआड, पार मागे उभ्या राहिल्या. त्यांना तिथे कुणी लोटले नव्हते. विधवेने शुभकार्यात पुढे येऊ नये, ही रीत त्या स्वतःच स्वतःवर चालवत आणि इतक्या ताठ मानेने चालवत की त्यांना कुणी पुढे बोलावण्याचे धाडस करीत नसे. पण हुकूम दाराआडूनही सुटत होते.

"कडू, नुसता ठिपका काय लावायलीस? घरात नवी आलीय ती. मळवट भर चांगला!"

कडूबाईने हळदकुंकू पाण्यात कालवले आणि माझ्या पितळी पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मळवट भरला. वर अक्षता चिकटवल्या. तांबड्या बाणावर तांबडे कुंकू बसले आणि दुपारच्या उन्हात वाळून घट्ट झाले. माझा बाण दिसेनासा झाला.

मित्रांनो, मला त्या क्षणी राग आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मान कुणाला नको असतो? शिवाय मला चालू करून द्यायला परभणीहून जाणता मेकॅनिक येणार होता. तो पट्टी पुसून बाण पाहील, असे मी धरून चालले होते.

तो आलाच नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा तेव्हा पेटलेला होता. परभणीत बंद पुकारला गेला आणि एसटीच्या गाड्या डेपोतून हलल्या नाहीत. इकडे गावातले सधन शेतकरी बसवंतराव यांच्या नव्या घराची चौकट उभी करण्याचा मुहूर्त तोंडावर आला होता. चौकटीचे काम चंद्रभानकडे होते आणि लाकूड फाडायचे अजून बाकी होते.

चंद्रभानने मग सटवाजीला बोलावले. हा सटवाजी शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करी. माणूस गडबड्या, पण मनाने चांगला. स्टार्टरला तारा जोडण्याआधी त्याने विचारले, आणि अगदी योग्य तेच विचारले.

"मिस्त्री, बान कुठंय हिचा?"

"कसला बान?"

"मोटारीवर बान असतोय. कुन्या अंगाला फिरायची ते दावनारा."

दोघे माझ्याभोवती फिरले. खाली वाकले, मागे डोकावले, पट्टा उचलून पाहिला. पट्टीपाशी आले तेव्हा सटवाजीने काय करावे? त्याने कुंकवाला नमस्कार केला आणि तो पुढे गेला!

"न्हाई बुवा. या कंपनीनं बानच दिला न्हाई. असू द्या. फिरली म्हंजी झालं."

कंपनीने बाण दिला नाही? माझ्या कपाळावर होता तो! मी लोखंडाची नसते, तर त्याच वेळी मेजावरची फळी उचलून त्याच्या पाठीत घातली असती.

मोटारीच्या तीन तारा असतात. त्यांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. सटवाजीने अंदाजाने तारा जोडल्या आणि अंदाज चुकला. चंद्रभानने पाते मात्र बरोबर बसवले होते. आयुष्यभर करवतीचे दाते हाताळलेला माणूस तो. म्हणजे पाते सुलट आणि मोटार उलटी. मी फिरू लागले, चंद्रभानने फळी पुढे सरकवली आणि माझ्या दात्यांची पाठ लाकडावर नुसती घासू लागली. लाकूड कापले गेले नाही. ते काळे पडले आणि त्यातून धूर निघाला.

नवे यंत्र पाहायला निम्मी गल्ली जमली होती. मग काय विचारता!

"मिस्त्री, फळी कापायलाव का भाजायलाव?"

"राहू द्या, राहू द्या. हुरड्याला लय कामाची हाय ही!"

चंद्रभान खाली मान घालून उभा होता. ज्याच्या हाताला कधी कुणी नाव ठेवले नाही, तो माणूस गावासमोर नवशिका झाला होता. मित्रांनो, नवशिका असण्यात लाज नसते. परंतु नवशिक्याने पहिल्यांदा थांबावे, हात मागे घ्यावा आणि पाहावे. यांनी काय केले? यांनी उपाय केला.

सटवाजी म्हणाला, "मोटार फिरायलीय ना? मंग मोटार बरुबर हाय. पातंच उलटं बसलंय तुमचं. फिरवून टाका."

"पातं उलटं न्हाई, सटवाजी. दातं मला कळतेत."

"हातकरवतीचं कळतंय तुमाला. ही विजेची हाय."

चंद्रभानला हा टोला लागला. त्याचे मन नाही म्हणत असताना त्याने पाते काढले आणि उलटे बसवले. आता मोटारही उलटी आणि पातेही उलटे. एका चुकीने दुसरी चूक झाकली गेली आणि सर्वांना वाटले, दुरुस्ती झाली. पहिली पातळ पट्टी सरळ चिरली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सटवाजीने मिशीवरून हात फिरवला. माझ्यापुढे नारळ फुटला. मी आतून ओरडत होते. माझी चाकी प्रत्येक फेऱ्याला सैल होत होती.

मग चंद्रभानने उंबऱ्याची फळी घेतली. सागवानी, जाड, जड. ती माझ्या दात्यांना लागली मात्र, दात्यांनी तिला खालून उचलले आणि चंद्रभानच्या हातून हिसकून पुढे फेकले. फळी समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर आदळली आणि पत्रा चरकन फाटला. फळीबरोबर चंद्रभानचे हातही माझ्याकडे ओढले गेले. अंगठ्याचे नख गेले. आणखी तसूभर, तर हात गेला असता. चाकी सुटून जमिनीवर पडली आणि पाते खणखणू लागले. कडूबाईने धावत येऊन स्टार्टरचा तांबडा खटका दाबला, तेव्हा मी थांबले.

फाटक्या पत्र्यातून आभाळ दिसत होते. चंद्रभान जमिनीवर बसला होता आणि कडूबाई त्याची बोटे पुन्हा पुन्हा मोजत होती.

आणि मग तो शब्द आला. मित्रांनो, तो शब्द तुम्ही कुणासाठी वापरू नका. शेजारची सुमनबाई म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाय ही. आल्या आल्या घरच्या मानसावर उठली."

पांढऱ्या पायाची! मला पाय तरी आहेत का? लाकडी चौकटीचे चार खूर आहेत, तेही चंद्रभाननेच करून बसवलेले. घरात नवी सून आली आणि त्याच महिन्यात म्हैस आटली, तर आटली म्हैस आणि बोल लागतो सुनेला. तेच माझ्या वाट्याला आले. तारा जोडणारा निर्दोष, पाते उलटे करवणारा निर्दोष, दोष काय तो नव्या आलेलीचा.

सुमनबाई तेवढ्यावर थांबली नाही. दाराकडे तिरका डोळा करून ती बोलली, "अन् पूजेच्या वक्ताला मागं कोन हुबं होतं, तेबी बघावं मानसानं."

मागे कोण उभे होते, हे सर्वांना ठाऊक होते. नर्मदाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकले. ज्या बाईचा शब्द साऱ्या आळीवर चाले, तिने त्या दिवशी तोंडातून एक अक्षर काढले नाही. त्या वळल्या आणि आत गेल्या. त्या क्षणी मला प्रथमच कळले की या घरात माझ्यासारखीच आणखी एक आहे.

संध्याकाळी बसवंतराव आले. फाटका पत्रा पाहून त्यांनी आधी चंद्रभानचा हात पाहिला, ही त्यांची माणुसकी. पण मग म्हणाले, "मिस्त्री, मुहूर्त काय तुमच्या मशीनसाठी थांबनार हाय का? उद्या दिवस मावळेपर्यंत लाकूड फाडून झालं तर ठीक, न्हाई तर मी जिंतूरला सांगतो. राग मानू नका."

ते गेल्यावर चंद्रभान नुसता आपला खांदा दाबत बसला होता. हे काम जिंतूरला गेले की मागोमाग गावातली सगळी कामे जिंतूरला जाणार आणि त्याच्या हातात विळा येणार, हे कुणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाबाईंचा आवाज परत आला होता, पण त्यात धार नव्हती.

"गाडी जुंपा. हिला परत धाडा. माझ्या घरातलं एक मानूस गेलंय, दुसरं म्या देनार न्हाई."

"वैनी, काम जाईल."

"काम जाऊ दे. हात ऱ्हाऊ दे."

बैलगाडी दारात आली. मला बांधायला दोर आणले गेले. तारा सोडायला सटवाजी आला होता. आदल्या दिवसापासून त्याचा चेहरा उतरलेला होता. चंद्रभान माझ्यापुढे बसून खुराला दोर आवळत होता. दोर आवळता आवळता त्याचा हात थांबला. त्याचे डोळे माझ्या पट्टीच्या अगदी समोर होते. आल्यापासून प्रथमच कुणीतरी तिथे हात न जोडता पाहत होते.

"वैनी," तो सावकाश म्हणाला, "खोकं उघडलं तवा हितं कायतरी होतं. तांबडं. मी वझरतं बघितलं होतं. कुंकवाखाली गेलंय."

सटवाजी उडालाच. "आरं, बानच आसंल तो! पुसा की मंग!"

पुसा म्हणणे सोपे होते. चंद्रभानने खांद्यावरचा टॉवेल घेतला, तोच कडूबाईने त्याचे मनगट धरले.

"तुमी हात लावू नका. तुमच्या नावानं भरलाय म्या मळवट त्यो."

"मंग तू पूस."

कडूबाई दोन पावले मागे सरली. तिचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. "म्या न्हाई पुसायची. सवाष्नीनं आपल्या हातानं कुंकू पुसायचं म्हंजी काय, कळतंय का तुमाला? काल हात वाचलाय तुमचा."

चंद्रभानने सटवाजीकडे पाहिले. सटवाजीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला नका सांगू, मिस्त्री. म्या पुसलं अन् उद्या काय इपरीत झालं, तर गाव मला जगू देनार न्हाई."

पाहा, मित्रांनो! इलाज बोटभर अंतरावर होता. एक ओला बोळा फिरवला की संपले. आणि तीन धडधाकट माणसे माझ्या कपाळापुढे भिऊन उभी होती. कडूबाईला मी दोष देत नाही. तिच्या मनात भीती होती आणि ती भीती तिच्या प्रेमातून आली होती. पण मी संतापले होते. मला त्या गाडीत घालणार होते, माझ्या मागे तो शब्द चिकटणार होता आणि चंद्रभान विळा घेऊन दुसऱ्याच्या शेतावर जाणार होता. आणि हे सारे का? तर कुंकू पुसायला हात नव्हता.

"बाजूला व्हा सगळे."

नर्मदाबाई दाराआडून बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्या अंगण ओलांडून सरळ माझ्यापुढे आल्या. माझ्या इतक्या जवळ त्या कधीच आल्या नव्हत्या.

"बाई, तुमी कशाला—" कडूबाई म्हणाली.

"मंग कोन? तुला भ्या वाटतंय, ते बरुबर हाय. मला कशाचं भ्या? माझं पुसलंय कवाच. पुसल्यावर मानूस मरत न्हाई, कडू. म्या जगायलेय की."

त्यांनी पट्टीवर पाणी ओतले, पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुसले. एकदा, पुन्हा, आणखी जोर लावून. अक्षता सुटून पडल्या. तांबडे पाणी माझ्या अंगावरून ओघळले. आणि त्याखालून माझा बाण वर आला. त्या म्हाताऱ्याने श्वास रोखून काढला होता तसाच, एकही रेघ न फिसकटता.

नर्मदाबाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "हा घ्या तुमचा बान. आता बघा, कुनाचं चुकलंय ते."

पाते काढून ठेवून सटवाजीने मोटार एकदा चालू केली, पाहिली आणि बंद केली.

"उल्टी फिरायलीय की ही!"

"काल काय म्हनलास? मोटार बरुबर हाय?" नर्मदाबाईंनी विचारले.

सटवाजीने आपल्याच गालात हळूच एक चापट मारून घेतली. मग त्याने दोन तारांची अदलाबदल केली. चंद्रभानने पाते आपल्या मनासारखे, म्हणजे बरोबर बसवले, चाकी घट्ट आवळली आणि पाते हाताने फिरवून पाहिले. कालपर्यंत जे न पाहता केले होते, ते आज प्रत्येक गोष्ट पाहून केले. मग उंबऱ्याची तीच फळी मेजावर आली. तिच्या एका टोकाला पत्र्याचा ओरखडा होता.

मित्रांनो, खटका दाबला गेला आणि मी सुलट फिरले. आयुष्यात प्रथमच! दाते वरून खाली आले, फळी मेजावर दाबली गेली आणि सागवानाचा वास अंगणभर झाला. धूर नाही, हिसका नाही. चंद्रभानच्या खांद्याने काहीच ओढले नाही. त्याने नुसता हात लावला. करवतीचे दुसरे टोक मी धरले होते.

कुंपणापाशी सुमनबाई पाहत उभी होती. नर्मदाबाईंनी भुसा झटकत तिला हाक मारली.

"सुमन, पूजेला मागं कोन हुबं होतं, ते बघितलं हुतंस. आता म्होरं कोन हाय, तेबी बघून घे."

सुमनबाईला एकाएकी घरात काम आठवले.

बसवंतरावांची चौकट मुहूर्तावर उभी राहिली. गाडीचे बैल सोडले गेले. मी राहिले.

त्या वर्षी खंडेनवमीला घरातल्या सर्व हत्यारांची पूजा मांडली. वाकस, रंधा, पटाशी, लिंबाजीची ती लांब करवत आणि शेवटी मी. चंद्रभानने ताट उचलले आणि कडूबाईला न देता दाराआड नेले.

"वैनी, हिला तुमी लावा."

"येडा झालास का? लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हनतेत ते आपन मागंच ऐकलंय, बाई," कडूबाई म्हणाली आणि तिने हात धरून त्यांना पुढे आणले.

नर्मदाबाईंनी ताट हातात घेतले. मग माझ्याकडे वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातचं चालंल का गं तुला?"

मित्रांनो, ऐका. मला आजवर जेवढे मान मिळाले, त्यांत त्या बोटाचा मान सर्वांत थोर. त्यांनी आधी पदराने पट्टी पुसली आणि मग बाण मोकळा सोडून, त्याच्या शेजारी, कुंकवाचे एकच बोट लावले. तेव्हापासून ती त्या घरची रीत झाली. आधी पुसायचे, पाहायचे आणि मग पूजा. पुसण्याचा मान नर्मदाबाईंचा.

पुढची अनेक वर्षे मी चारठाण्याची आणि आसपासच्या गावांची दारे, खिडक्या, देवघरे आणि पाळणे कापून दिले. लांबलांबून माणसे लाकूड घेऊन येत. माझे कौतुक झाले. सटवाजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवून सांगे, "ही म्या चालू केली!" सांगू द्या.

नंतर लोखंडी चौकटी आल्या, तयार दारे आली. माझ्याकडचे काम कमी होत गेले. माझ्या मेजावर खताची रिकामी पोती पडू लागली. कोंबड्यांनी माझ्या खाली अंडी घातली. अशा कोंबड्या, की ज्यांना नर्मदाबाईंचा आवाज माहीत नव्हता. बाई आता थकल्या होत्या आणि खाटेवरून उठत नव्हत्या. एका उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतरच्या खंडेनवमीला कडूबाईने ताट आणले आणि ती माझ्यापुढे थबकली. वर्षानुवर्षे पदराने पुसून पितळेवरचा रंग फिका झाला होता. बाण आता जेमतेम दिसत होता. आणि पुसणारा हात नव्हता. चंद्रभानने पट्टीवरून बोट फिरवले. खंडेनवमीला हत्यार चालवायचे नसते, म्हणून तो दिवस त्याने जाऊ दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने पटाशी आणि ठोकणी घेतली, जमिनीवर मांडी घातली आणि पट्टीच्या खाली, माझ्या लाकडी चौकटीवर, बाण कोरायला सुरुवात केली. खांदा दुखत होता, तरी तो थांबत थांबत कोरत राहिला. बाण खोल कोरला. त्याच्या शेजारी त्याने एक लहानसा गोल खळगा कोरला, बोट टेकेल एवढाच.

कडूबाईने विचारले, "ह्यो कशाला?"

"कुंकवाला. वैनी लावायच्या तितंच."

मित्रांनो, आता मी तुम्हाला विनंती करणार नाही. मी ताकीद देते. तुमच्या घरी नवे यंत्र येईल, तेव्हा त्याची पूजा अवश्य करा. परंतु आधी त्याला डोळे उघडून पाहा. त्याच्या अंगावर काय लिहिले आहे, कोणती खूण आहे, ते समजून घ्या. काही बिघडले तर हात मागे घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जी गोष्ट तुमच्या मनाला पटत नाही, ती कुणाच्या टोल्यापायी करू नका. आणि यंत्र असो की माणूस, घरात नव्या आलेलीला आणि दाराआड उभी असलेलीला बोल लावण्याआधी आपण तारा कशा जोडल्या, ते तपासा.

आज माझ्यावर धूळ आहे. मेजावर पोती आहेत. पण दर खंडेनवमीला कडूबाई, आता स्वतःच म्हातारी झालेली, चाचपडत येते. तिला नीट दिसत नाही. ती धूळ पुसते आणि लाकडावरून बोट फिरवते. बाण बोटाला लागतो. मग ते बोट त्याच्या शेजारच्या खळग्यात उतरते आणि तिथे, बरोबर तिथेच, कुंकू लावते.